उत्तरमेरूरचे घट

देवदर्शनासाठीं दक्षिणेंत जाणारीं माणसें पुष्कळ आहेत. आम्हीही निघालों तें त्याच निमित्तानें. आमचा पुतण्या चेन्नईस (आमच्या पिढीच्या तोंडीं अजून मद्रासच येतें) नोकरीस असून, "काका, काकूंना घेऊन एकदां तरी या" असा त्याचा तीन वर्षांचा आग्रह होता. परंतु तीन भावांचें एकत्र कुटुंब म्हटलें म्हणजे कोणाचें आजारपण, कोणाची मुंज, कोणाच्या मुलाची परीक्षा, यांतून पाय निघत नाहीं. यंदा पौषांत तो निघाला, याचें खरें कारण मात्र आम्हीं घरांतही कोणास सांगितलें नव्हतें. गांवांतील एका साध्या प्रश्नास उत्तर देण्याचें आम्ही टाळीत होतों, आणि चार आठवडे बाहेर राहिलों तर विचारणारें माणूस तो प्रश्न विसरेल, अशी एक वेडी आशा मनांत होती.

प्रश्न असा. कृष्णाकांठच्या आमच्या लहानशा गांवांत नळाचें पाणी आलें, तेव्हां पाणी समितीचा जमाखर्च दोन वर्षें आमच्याकडे होता. पस्तीस वर्षें मास्तरकी केलेला मनुष्य, अक्षर वळणदार, घर पिढ्यान् पिढ्यांचें. तेव्हां वही गुरुजींकडे द्यावी हें ओघानेंच आलें. पाणीपट्टी गोळा करावी, पंप जळला तर दुरुस्त करून आणावा, मजुरी द्यावी आणि सर्व वहींत टिपावें, एवढेंच काम. पहिल्या वर्षीं वही चोख राहिली. दुसऱ्या वर्षीं कांहीं पावत्या सदऱ्याच्या खिशांत राहिल्या, कांहीं धुण्यांत गेल्या. पुढें समिति बदलली आणि वही आमच्या पेटींत गेली. कोणीं विचारलें नाहीं, आम्हीं दिलें नाहीं.

मागील निवडणुकींत नव्या सरपंचबाई आल्या. आमच्याच हाताखालीं चौथीपर्यंत शिकलेल्या. ज्या वस्तींतील माणसें आमच्या आजोबांच्या काळीं चावडीच्या पायरीखालीं उभीं राहत, त्या वस्तींतल्या. एके दिवशीं वाटेंत थांबून, नमस्कार करून त्या म्हणाल्या, "गुरुजी, तेवढा पाण्याचा हिशेब द्या ना. दप्तर पुरं करायचं आहे." आम्ही "पाहूं" म्हणून पुढें गेलों. घरीं आल्यावर मात्र आमचा पारा चढला. गांवच्या पोरांचीं गणितें जन्मभर आम्हीं तपासलीं, आतां आमचें गणित ही तपासणार काय, असें आम्ही सर्वांदेखत बोललों. दुसऱ्यांदा त्यांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं दक्षिणेचीं तिकिटें काढलीं.

प्रवासाचें वर्णन करीत बसत नाहीं. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल हीं स्टेशनें आतां कोणास नवीं राहिलीं नाहींत. एकाच ठिकाणीं आम्हीं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलें, तें अर्कोणम् येथें. याच्या जवळच तक्कोलम् नांवाचें गांव आहे. इ. स. ९४९ मध्यें तेथें मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण यानें चोळांचा पराभव केला आणि चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसलेला असतांनाच पडला. ज्या घराण्यानें वेरूळचें कैलास लेणें कोरविलें, त्या घराण्याचा हा राजा. शाळेंत ही लढाई आम्ही दोन ओळींत उरकीत असूं. तिचा धागा पुढें दुसऱ्याच एका गांवीं हातीं लागेल, हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

कांचीस दोन दिवस गेले. वरदराजाचें दर्शन झालें, एकाम्रनाथ झाला, कैलासनाथाच्या मंदिरांतील पल्लवांचे सिंह पाहून झाले, आणि सौभाग्यवतींच्या दोन जरीकांठी साड्याही झाल्या. तिसऱ्या दिवशीं पुतण्या म्हणाला, "काका, येथून तीस किलोमीटरवर एक शिलालेख आहे. देऊळ लहान आहे, पण तुम्ही तेथून लवकर हलणार नाहीं." गांवाचें नांव उत्तरमेरूर.

कांचीहून दक्षिणेस जाणाऱ्या त्या रस्त्यानें प्रथम डोळ्यांत भरतात ते तलाव. तमिळ भाषेंत त्यांस 'एरि' म्हणतात. नदीचा भरंवसा नसलेल्या या सपाट मुलखांत पावसाचें पाणी मातीचा लांबच लांब बांध घालून अडवावयाचें आणि खालच्या भातखाचरांस सोडावयाचें, हीच शेतीची सारी कला. बांध फुटला तर पीक गेलें. गाळ साठला तरीही पीक गेलें, फक्त कांहीं वर्षें उशिरा. म्हणून दरसाल कोणीतरी गाळ काढविला पाहिजे, बांध चढविला पाहिजे, आणि पाण्याची पाळी कोणाची हें भांडण मिटविलें पाहिजे. दूरच्या राजधानींत बसलेल्या राजाच्या हातून हें होण्यासारखें नाहीं. ही एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व मजकूर त्या एरींच्या पाण्यावर उभा आहे.

उत्तरमेरूर आज एक बाजारपेठेचें गांव आहे. जुन्या काळीं तें 'चतुर्वेदिमंगलम्' होतें. म्हणजे वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांस राजानें दिलेला अग्रहार. सुंदरवरदपेरुमाळाचें तीन मजली भव्य मंदिर येथें आहे. त्यांत विष्णूचीं नऊ रूपें आहेत. यात्रेकरू तेथेंच जातात. आम्हांस पाहावयाचें होतें तें वैकुंठपेरुमाळाचें. बाहेरून पाहतां तें जवळ जवळ नजरेंतून निसटतें. लोखंडी कठडा, थोडी हिरवळ, पुरातत्त्व खात्याची पाटी, आणि आंत उंच दगडी जोत्यावर एक आंखूड चौकोनी इमारत. परंतु त्या जोत्याजवळ गेलें म्हणजे कळतें कीं सर्व बाजूंनीं दगड अक्षरांनीं भरलेला आहे. अभ्यासक म्हणतात कीं याच जागीं गांवची सभा भरत असे. असें असेल तर सभेनें आपला ठराव दप्तरांत न ठेवतां, ज्या बैठकींत बसावयाचें तिच्याच अंगावर कोरून ठेवला!

आमची संस्कृताची थोडीबहुत तयारी येथें फुकट गेली. लेख तमिळ भाषेंत, आणि मधून मधून येणारे संस्कृत शब्द ग्रंथ लिपींत. आम्ही अक्षरांवरून बोट फिरवीत उभे असतां जवळच राहणारे एक वृद्ध गृहस्थ आले. तेही सेवानिवृत्त शिक्षक निघाले. त्यांस मराठी नाहीं, आम्हांस तमिळ नाहीं, इंग्रजी दोघांचीही बेताची; तेव्हां अडेल तेथें संस्कृत घालून आमचा संवाद चालला. ते ओळ वाचीत आणि आमच्या कानावर ओळखीचे शब्द पडत: महासभा, संवत्सर, दुष्ट, विशिष्ट, मंत्रब्राह्मण. अनोळखी गर्दींत आपल्या गांवचें कोणी भेटावें तसें आम्हांस झालें.

लेख दोन आहेत. पहिला पहिल्या परांतक चोळाच्या बाराव्या वर्षींचा, म्हणजे इ. स. ९१९ चा, दुसरा चौदाव्या वर्षींचा, म्हणजे ९२१ चा. विसाव्या शतकाच्या आरंभीं व्यंकय्या या विद्वानानें ते प्रसिद्ध केले, तेव्हांपासून इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा डंका आहे. त्यांत गांवच्या कारभारी समित्या कशा निवडावयाच्या याचे नियम आहेत. गांवाचे तीस प्रभाग. निवडलेल्यांतून बारा जणांची संवत्सर समिति, बारा जणांची बागांची समिति आणि सहा जणांची तलावाची समिति. यांखेरीज सोन्याचा कस पाहणारी एक, आणि पंचवार नांवाची आणखी एक. मुदत तीनशें साठ दिवस. दरम्यान कोणाकडून अपराध घडला तर त्यास तत्काळ काढावयाचें.

उमेदवार कोण असावा? ज्याची सारा भरणारी जमीन पाव वेलीहून, म्हणजे सुमारे दीड एकराहून, अधिक आहे. जो स्वतःच्या जागेवर बांधलेल्या घरांत राहतो. ज्याचें वय पस्तिसाच्या वर आणि सत्तरीच्या आंत आहे. आणि जो मंत्रब्राह्मण शिकून दुसऱ्यास शिकवूं शकतो. जमीन निम्मीच असली तरी एक वेद आणि एक भाष्य चांगलें येत असेल तर चालेल. विद्येनें जमिनीची तूट भरून काढावयाची ही तडजोड आम्हांस फार आवडली, आणि तसें आम्हीं बोलून दाखविलें.

सौभाग्यवती इतका वेळ सावलींत बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग यांत बायका कोठें होत्या? आणि ज्यांना जमीन नाहीं, वेद शिकण्याची मोकळीक नाहीं, ते कोठें होते? तलावांतला गाळ कोण काढीत होतें?"

आम्ही त्या शिक्षकांकडे पाहिलें. ते हंसले आणि बोटानें गांवाबाहेरची दिशा दाखविली.

हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सभा ही ब्राह्मण जमीनदारांची होती. इतर जमीनधारकांच्या गांवीं 'ऊर' नांवाची बैठक असे आणि व्यापाऱ्यांचें 'नगरम्' असे, हें खरें. परंतु ज्यांच्या हातांत फावडें होतें त्यांचें नांव कोणत्याच घटांत पडत नसे. आपल्याकडील मासिकांतून उत्तरमेरूरचा उल्लेख येतो तेव्हां बहुधा छाती फुगवून येतो. आमचीही फुगली होती. ती सौभाग्यवतींनीं अर्ध्या मिनिटांत पूर्ववत् केली.

आतां घटांची गोष्ट. निवड मतांनीं नव्हती, चिठ्ठ्यांनीं होती. प्रत्येक प्रभागांतील पात्र माणसांचीं नांवें एकेका चिठ्ठीवर लिहावयाचीं, प्रभागाच्या नांवाची चिठ्ठी वर ठेवून जुडी बांधावयाची आणि सर्व जुड्या घटांत टाकावयाच्या. आबालवृद्धांसह सारी महासभा बोलवावयाची. गांवांतील झाडून सारे पुजारी आंतल्या मंडपांत बसावयाचे. त्यांतील सर्वांत वृद्धानें घट उचलून सर्वांस दिसेल असा वर धरावयाचा. आंत काय आहे याची ज्यास जाणीव नाहीं अशा लहान मुलानें एक जुडी काढावयाची. ती सोडून दुसऱ्या घटांत टाकून हलवावयाची, आणि त्यांतून त्याच मुलानें एक चिठ्ठी काढावयाची. ती मध्यस्थानें घ्यावयाची, पण मुठींत नव्हे. पांचही बोटें पसरून उघड्या तळहातावर! मग त्यानें नांव वाचावयाचें, आणि मागोमाग मंडपांतील प्रत्येक पुजाऱ्यानें तीच चिठ्ठी मोठ्यानें वाचावयाची. असें तीसही प्रभागांसाठीं.

पांचही बोटें पसरलेली असावींत, हें कोरणारास कोणींतरी मुद्दाम सांगितलें असलें पाहिजे. त्याच्या आधीं कोणाच्या तरी मुठींत एखादी चिठ्ठी बदलली गेली असणार. परीक्षेच्या वेळीं बांहीवर उत्तरें लिहिणारीं पोरें पाहण्यांत आमचा जन्म गेला; नियमाच्या प्रत्येक शब्दामागें एक लबाडी उभी असते हें आम्हांस कोणी शिकवावयास नको.

अपात्रतेची यादी याहून लांब. चोर नको, महापातकी नको, खोटा दस्तऐवज करणारा नको, गाढवावर बसलेला नको. हें शेवटचें ऐकून पुतण्यास हंसूं आवरेना. पण धिंड काढण्याची ही शिक्षा आपल्या मुलखांतही सर्वांस ठाऊक होती. तेव्हां तमिळ देशांतील ते वाहन पाहून परकें वाटण्याचें कारण नाहीं. शिवाय ज्यानें गेल्या तीन वर्षांत समितींत काम केलें आहे तोही नको. म्हणजे तींच तींच माणसें पुनः पुनः येऊं नयेत.

आणि या साऱ्यांच्या आधीं एक नियम आहे. शिक्षकांनीं तो वाचला आणि इंग्रजींत अर्थ सांगितला. पूर्वीं समितींत असून ज्यानें हिशेब दिला नाहीं त्याचें नांव घटांत टाकूं नये. त्याचेंच नव्हे, त्याच्या नातलगांचेंही. नंतर त्यांनीं बोटांवर नातीं मोजलीं: मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मामा, चुलता, सख्खा भाऊ, सासरा, मेहुणा, बहिणीचा नवरा, भाचा, जावई, बाप, मुलगा.

"काका," पुतण्या म्हणाला, "यांत पुतण्या नाहीं. मी सुटलों!"

तो सहज बोलला. पाणी समितीच्या वहीची गोष्ट त्यास ठाऊक नव्हती. सौभाग्यवतींस ठाऊक होती. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पिशवींतून पाण्याची बाटली काढून आमच्या हातांत दिली एवढेंच. घरीं आमचे दोघे भाऊ, एक जावई, दोन मेहुणे. आमच्या पेटींतील एका वहीनें सगळे घटाबाहेर!

पुढें हिशेबनिसासंबंधीं आणखी एक कलम आहे. लिहिलेला हिशेब मोठ्या समितीपुढें मांडून तो प्रामाणिक ठरल्यावांचून त्यास पुनः नेमूं नये. आणि ज्यानें हिशेब लिहिला त्यानेंच तो समक्ष द्यावा, दुसऱ्या कोणास पुढें करून मिटवूं नये. आम्ही तेथेंच जोत्याच्या पायरीवर बसलों. वही पुतण्याच्या हातीं पंचायतींत पाठवावी, असा एक विचार आम्हीं गाडींत केला होता, हें आतां सांगून टाकतों.

दुपारीं त्या शिक्षकांच्या घरीं कॉफी झाली. तेथें जें बोलणें निघालें तें आमच्या मतें दगडाइतकेंच महत्त्वाचें आहे. गांवास हा अधिकार कोणीं दिला? राजानें दिला, कीं गांवानें तो धरून ठेवला? लेखांतच लिहिलें आहे कीं राजाची आज्ञा आली, राजाचा अधिकारी सभेंत येऊन बसला आणि त्याच्या समक्ष हा ठराव झाला. म्हणजे वरची मान्यता होती, देखरेखही होती. परंतु नियम केले सभेनें. आणि ९१९ चे नियम अपुरे पडले म्हणून अवघ्या दोन वर्षांत ते बदलले तेही सभेनेंच. राजा आपला सारा घेई, लढाया करी. गाळ कोणीं काढावा आणि बागेस पाणी कोणीं द्यावें, यांत त्याचें बोट नव्हतें. येथील वैरमेघ तटाक हा मोठा तलाव पल्लवांच्या काळापासूनचा. त्याचा गाळ काढण्यासाठीं सभेकडे सोनें ठेव म्हणून ठेवल्याचे लेख याच गांवांत आहेत. ज्याचें काम त्याच्याकडेच पैसा, आणि ज्याच्याकडे पैसा त्यालाच हिशेब. तिन्ही एका जागीं.

आणि अर्कोणमचा तो धागा येथें हातीं आला. तक्कोलमच्या लढाईनंतर हा मुलूख राष्ट्रकूटांकडे गेला, तेव्हां याच गांवच्या लेखांतून चोळांच्या राज्यवर्षांच्या जागीं कन्नरदेवाचीं, म्हणजे आपल्या तिसऱ्या कृष्णाचीं, वर्षें येऊं लागलीं. पुढें तो गेला आणि चोळ परत आले. पल्लव, चोळ, राष्ट्रकूट, पुनः चोळ. वरचें नांव बदलत राहिलें आणि खालीं सभा आपली तलावाचें, देवळाचें, जमिनीचें काम करीत राहिली. आमच्या लढाईच्या दोन ओळींच्या खालीं एवढें गांव चालत होतें, आणि आम्हीं तें वर्गांत कधीं सांगितलें नाहीं.

घटना समितींत नोव्हेंबर १९४८ मध्यें ग्रामपंचायतींवर वाद झाला, तेव्हां टी. प्रकाशम् यांनीं याच उत्तरमेरूरच्या घटांचा दाखला दिला होता. त्याच महिन्याच्या ४ तारखेस डॉ. आंबेडकरांनीं खेड्यांविषयींचें आपलें कठोर मत मांडलें होतें: खेडें म्हणजे संकुचितपणाचें आणि अज्ञानाचें घर, राज्यघटनेचा पाया तें नव्हे, व्यक्ति हा आहे. पूर्वीं आम्हांस तें बोलणें लागत असे. त्या दिवशीं सौभाग्यवतींच्या प्रश्नानंतर तें तितकेंसें लागलें नाहीं. खेड्यांतील सत्ता कोणाच्या हातीं होती हें ज्यांनीं भोगलें, ते ती तशीच परत द्या असें कसें म्हणणार? २२ नोव्हेंबरला तडजोड झाली, के. संतानम् यांची सूचना आंबेडकरांनीं स्वीकारली आणि ग्रामपंचायती स्थापाव्या हें तत्त्व चाळिसाव्या अनुच्छेदांत गेलें. तत्त्व म्हणूनच, न्यायालयांत मागतां येईल असा हक्क म्हणून नव्हे.

पुढचा इतिहास घरोघर ठाऊक आहे. १९५७ ची बलवंतराय मेहता समिति; २ ऑक्टोबर १९५९ रोजीं राजस्थानांत नागौर येथें नेहरूंनीं केलेला आरंभ; आपल्याकडे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून आलेल्या जिल्हा परिषदा. त्यानंतर पंचायतींस घटनेचें कवच मिळालें तें त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें, २४ एप्रिल १९९३ पासून. अकराव्या परिशिष्टांत एकोणतीस विषय गांवांसाठीं लिहिले आहेत. लघु पाटबंधारे त्यांत आहे, पिण्याचें पाणी आहे, प्राथमिक शाळा आहे.

पण येथें आम्हां व्याकरण शिकविणारांस एक खोंच दिसते. पंचायतीची मुदत पांच वर्षें आणि ती संपण्यापूर्वीं निवडणूक झालीच पाहिजे, हें घटनेनें आज्ञार्थानें सांगितलें आहे. हे एकोणतीस विषय मात्र राज्याच्या विधिमंडळास पंचायतींकडे 'सोंपवितां येतील' असें आहे. 'सोंपविले पाहिजेत' असें नाहीं. दिल्लीनें राज्यांस सांगितलें, राज्यांनीं आपल्या सोईनें दिलें. कांहीं ठिकाणीं काम गांवाकडे आलें आणि माणसें खात्याकडेच राहिलीं. कांहीं ठिकाणीं पैसा आला तो वर चिठ्ठी लावूनच आला. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळांतील अनुदानापैकीं साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठींच बांधलेली होती. पाणी हवेंच, त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु ज्या गांवचा बांध फुटला आहे त्यानें आधीं कोठें खर्च करावा हें ठरविण्याची मोकळीक उरते ती चाळिसांत.

आणि आज्ञार्थाचें तरी काय झालें? कॉफीचा पेला खालीं ठेवीत ते शिक्षक म्हणाले कीं या गांवच्या नगरपंचायतीची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्यें संपली आणि पुढची निवडणूक झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्यें. मधलीं पांच वर्षें, म्हणजे एक पुरी मुदत, सरकारी अधिकारी कारभार पाहत होता. डिसेंबर २०२० मध्यें दिल्लीस नव्या संसद भवनाची कोनशिला बसली, तेव्हां पंतप्रधानांच्या भाषणांत उत्तरमेरूरचें नांव गौरवानें आलें. त्या दिवशीं उत्तरमेरुरांत निवडलेला एकही सभासद नव्हता. आम्हांस हंसण्याची सोय नव्हती. मुंबई आणि पुणें या महापालिकांच्या मुदती मार्च २०२२ मध्यें संपल्या आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें प्रशासकच होते. तीनशें साठ दिवस मोजणारा तो मध्यस्थ आज असता तर पांच बोटें पसरून कोणापुढें उभा राहिला असता, कोण जाणे.

वरच्यांनीं दिलें नाहीं, ही तक्रार खरी आहे आणि ती आम्ही करीतच राहूं. पण ज्याच्याकडे पाणीपट्टीचे पैसे प्रत्यक्ष आले होते, तो मनुष्य हिशेब न देतां तीर्थयात्रेस निघून आला होता. त्याच्याकडे कोणा मंत्र्यानें पाहावयास नको होतें. एका बाईनें, ज्यांना पूर्वीं कोणत्याच घटांत जागा नव्हती अशांतल्या एकीनें, पाहिलें होतें. १९९३ नंतर एक तृतीयांश आणि आपल्या राज्यांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांस राखल्या गेल्या, म्हणून ती त्या खुर्चीवर होती. तिनें मागितलें तें आमच्याच पूर्वजांच्या दगडावर अकराशें वर्षें लिहिलेलें होतें. जुन्या सभेचा अभिमान आम्हीं बाळगला तो वेदांच्या अटीचा. हिशेबाचें कलम आम्हांस ठाऊकच नव्हतें.

रामेश्वरापर्यंत जाण्याचा बेत होता. तो आम्हीं रद्द केला. पुतण्यास वाईट वाटलें. काकूंनीं त्यास काय सांगितलें तें आम्हीं विचारलें नाहीं.

घरीं आल्यावर वही काढून तीन रात्री बसलों. पंपाच्या दुकानदाराकडून दोन पावत्यांच्या नकला मिळाल्या. अकराशें चाळीस रुपयांचा पत्ता लागला नाहीं. तेथें 'पावती नाहीं' असें लिहून ती रक्कम निवृत्तिवेतनांतून भरण्यासाठीं बरोबर घेतली. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मी जाऊन देऊन येतों, तूं कशाला?" आम्हीं त्यास नको म्हटलें.

पंचायतीच्या कचेरींत सरपंचबाईंनीं आम्हांस खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या. आम्हीं बसावयास सांगितल्यावर बसल्या. त्यांनीं वही नुसती ठेवून घेतली नाहीं. पेन्सिल घेऊन पानामागून पान बेरीज करूं लागल्या. ग्रामसेवक घड्याळाकडे पाहत होता. आम्ही भिंतीवरील नकाशाकडे पाहत होतों. सतराव्या पानावर त्या थांबल्या, पुनः एकदां पुटपुटत मोजलें, आणि वही आमच्याकडे फिरवून म्हणाल्या, "गुरुजी, इथं हातचा राहिला."

खरोखरच राहिला होता. शंभर रुपये खर्चाच्या बाजूस कमी धरले गेले होते. बाईंनीं तूट दुरुस्त करून एक हजार चाळीस लिहिली, तेवढेच पैसे मोजून घेतले, शंभराची नोट परत केली आणि शिक्का मारून पोच दिली. पोच आमच्या पेटींत आहे. वही पंचायतीच्या कपाटांत गेली.